पालटलेली कूस

१

नवरा-बायकोचा अबोला त्या घराला नवा नव्हता. वर्षातून दोन-तीनदा तो पाहुण्यासारखा यायचा, चार दिवस राहायचा आणि कुणाचा निरोप न घेता निघून जायचा. अशा वेळी लेक टपालखात्याचं काम करायची. ‘बाबांना सांग, ताट वाढलंय.’ ‘आईला सांग, येतोय म्हणावं.’ आणि हे सगळं तिघं एकाच टेबलाशी बसलेले असताना. यंदा लेक शिकायला वसतिगृहात गेली होती, त्यामुळे टपालखातं तांबडीकडे आलं. तांबडी म्हणजे त्यांची गाय.

भांडणाचं मूळही तांबडीच होती. गोठ्याच्या दाराशी नवऱ्याने सिमेंटचा उतार करून घेतला होता, चांगला गुळगुळीत. ‘ओला आहे तोवर आडव्या रेघा ओढून घ्या हो, जनावराचा पाय घसरेल,’ असं बायको म्हणाली. तो म्हणाला, ‘उद्या.’ उद्या सिमेंट वाळलं. मग छिन्नीने रेघा खोदायचं ठरलं, तेही उद्या. शेवटी एका सकाळी बाहेर पडताना तांबडीचे मागचे पाय दोन दिशांना फाकले आणि ती बसली ती बसलीच. शेजारपाजारच्या माणसांनी जुन्या दारावर घालून तिला आत ओढून आणली. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, ‘तुमच्या उद्यापायी माझी गाय जायची आता.’ नवऱ्याला मनातून लाज वाटत होती, आणि लाज वाटली की माणूस हमखास नको ते बोलतो. तो म्हणाला, ‘गाय आहे ती. माणूस गेल्यासारखी रडू नकोस.’ झालं. अबोला आला आणि पाय धुऊन घरात बसला.

बायकोला सगळे भिंगरी म्हणत. नवऱ्याच्या आत्याने ठेवलेलं हे नाव. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती घरभर फिरायची, अर्ध्या घासावरून उठून गॅस बंद आहे ना ते बघून यायची, आणि दुपारी तिला आडवी झालेली कुणी कधी पाहिली नव्हती. एवढी तडतडी, पण नवऱ्याला मात्र कायम अहो-जाहो. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक तिला यावरून चिडवायची, तरी तिच्या तोंडून एकदाही ‘अरे’ निघालं नव्हतं. भांडतानासुद्धा ‘तुम्ही मूर्ख आहात’ असं आदरार्थी बहुवचनात भांडायची.

तांबडीवर तिचा जीव होता. जन्माला आली त्याच दिवशी तांबडीची आई गेली, म्हणून भिंगरीने तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. आता तांबडी स्वतः पहिल्यांदाच गाभण होती.

गुरांचे डॉक्टर तपासून म्हणाले, ‘हाड शाबूत आहे, वहिनी. स्नायू ताणलेत, ते भरून येतील. धोका पायाचा नाही, पडून राहण्याचा आहे. एवढं वजन एकाच कुशीवर राहिलं तर खालचा पाय मरतो, कातडी सडते. सकाळ, दुपार, संध्याकाळ कूस पालटत राहा. पाठीशी पोत्याची घडी लावा, म्हणजे परत कलंडणार नाही. आठवड्यानं येतो. तोवर उठली तर जगली.’

‘आणि नाही उठली तर?’

डॉक्टरांनी बॅगेची चेन लावली. ‘मग तिचे हाल करायचे नाहीत,’ ते म्हणाले.

२

गाईची कूस पालटणं म्हणजे पोरखेळ नव्हे. खालच्या पायांना दोरी बांधायची, ती पोटावरून पलीकडे घ्यायची, मान उलट्या बाजूला वळवायची आणि मग भिंतीला पाय रोवून ओढायचं. आधी ती तसूभर हलत नाही. मग एकदम येते, धप्प आवाज होतो आणि अख्खा गोठा हादरतो. पहिल्या दिवशी दोघांनी मिळून हे काम केलं. तोंडून ‘हां’ आणि ‘हूं’ एवढंच, आणि तेही गाईला उद्देशून. शेवटी नवऱ्याने एक पोतं उचललं आणि बोळा करून तांबडीच्या पाठीशी कोंबलं. भिंगरीने ते ओढून काढलं, मधोमध दुमडून नीट लावलं आणि छपराकडे बघत सुस्कारा सोडला. अबोल्यात सुस्काऱ्याला परवानगी असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आटोपून ती गोठ्यात गेली, तर तांबडी डाव्या कुशीवर. संध्याकाळी तर उजवीवर ठेवली होती. म्हणजे शेतावर जाण्याआधी नवऱ्याने पाळी उरकली होती, तीही न सांगता, एकट्याने. भिंगरीला बरं वाटलं. राग अजून होता, पण त्याचं एक टोक जरा बोथट झालं.

ती वाकली तेव्हा तिला पोतं दिसलं. बोळा नव्हता. नुसतं दुमडलेलंही नव्हतं. घडी होती, तीन पदरी, कडा आत मुडपलेल्या, उघडी बाजू भिंतीकडे. दुकानाच्या फळीवर मांडावी इतकी नेटकी. तिला हसूच आलं. या माणसाला आजवर स्वतःच्या टॉवेलची घडी घालता आली नव्हती. अडला हरी घडी घालायला शिकला म्हणायचा!

हसू ओठांवर असतानाच एक गोष्ट मनात आली. धप्प आवाज झाला नव्हता. गोठा स्वयंपाकघराला लागूनच, मध्ये एक दार, आणि ती उजाडल्यापासून स्वयंपाकघरात होती. मग तिने मान झटकली. नळ चालू होता, मिक्सर चालू होता. ऐकू आलं नसेल.

३

दुपारी नवरा जेवायला आला. तो दाराशी हात धूत होता तेव्हा भिंगरी गोठ्यात जाऊन मोठ्याने म्हणाली, ‘तांबडे, सांग कुणाला तरी, घडी फार छान जमली म्हणावं.’

नळ थांबला. मग नवऱ्याचा आवाज आला, ‘तांबडे, तूही सांग. हात कुणाचा आहे ते घडीवरूनच कळतं म्हणावं.’

घ्या, एक घडी काय घातली, केवढा हा तोरा, असं भिंगरी मनात म्हणाली. पण त्या दिवशी तिने त्याच्या ताटात जरा जास्तच वाढलं. दोघांत सरळ दोन शब्द झाले असते तर तिथेच सगळं कळलं असतं. पण अबोल्याचा नियमच असा की विचारायचं नाही, समजून घ्यायचं. आणि समजून घेण्यात दोघंही पटाईत होते.

मग रोज तेच होऊ लागलं. ती जाईल तेव्हा कूस पालटलेली. सकाळी, दुपारी, संध्याकाळीही. तो गोठ्यात डोकावायचा तेव्हाही पालटलेली. तिला वाटे, किती करतोय हा. त्यालाही तिच्याबद्दल तेच वाटत असणार, कारण एका संध्याकाळी तो छिन्नी-हातोडा घेऊन उताराशी बसला आणि कुणी न सांगता आडव्या रेघा खोदू लागला. छिन्नीचा टक टक आवाज ऐकत भिंगरी भांडी घासत होती. माणूस वाईट नाही, फक्त उशिरा येतो, असं तिला वाटलं.

तरी तिला चैन नव्हतं. हातातलं काम टाकून ती उगाच गोठ्याच्या दाराशी जायची, कान लावायची, परत यायची. दाराअलीकडून रवंथाचा आवाज ऐकू यायचा, संथ, ओला. मध्येच तो थांबायचा. जनावर रवंथ थांबवतं ते कुणी जवळ आलं की. ती दार उघडून बघायची, तर आत कुणीही नाही. तांबडीचे दोन्ही कान मात्र मागच्या भिंतीकडे वळलेले असायचे.

आणि तांबडी उठायचं नावच घेत नव्हती. पहिल्या दिवशी ती पुढचे गुडघे रोवून धडपडत तरी होती. आता लाडावलेल्या आजाऱ्यासारखी अर्धे डोळे मिटून पडलेली असायची. भिंगरी तिच्या कानाशी लागून म्हणायची, ‘ऊठ गं बाई, ऊठ. आठवडा संपत आला.’ तांबडी ऐकून घ्यायची आणि मग दुसऱ्या कुणाचं तरी ऐकल्यासारखी मान पलीकडे वळवायची.

गोठ्याच्या त्या मागच्या भिंतीपलीकडे घरातली शेवटची खोली होती. भिंगरीचे सासरे अर्धांगाचा झटका आल्यावर शेवटपर्यंत त्याच खोलीत पडून होते. त्यांचं सगळं त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी केलं. इतकी वर्षं अंथरुणात काढून माणूस गेला, पण पाठीला ओरखडा नव्हता. लोक अजून नाव काढतात, सेवा करावी तर अशी. भिंगरी तेव्हा नवी नवरी होती. एका दुपारी ती चहा घेऊन गेली, तर सासरे पलंगाच्या काठावर बसलेले, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले, हात गुडघ्यांवर रोवलेले, उठायच्या अगदी बेतात. तिला इतका आनंद झाला की चहा बशीत सांडला. तेवढ्यात आत्याबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. अगदी हलका. ‘जरा पड,’ त्या म्हणाल्या. ‘घाई काय आहे?’

ते पडले. पुन्हा त्यांचे पाय जमिनीला टेकलेले तिने कधी पाहिले नाहीत. आता आत्याबाईंना जाऊनही बरीच वर्षं लोटली होती, आणि ती दुपार आपल्याला आत्ताच का आठवावी, हे काही भिंगरीला कळेना. तिने आणखी एकदा ओटा पुसला.

४

डॉक्टर आले. तांबडीच्या दोन्ही कुशी, मांड्या, सांधे, पोट, सगळीकडे त्यांनी हात फिरवला.

‘कमाल आहे,’ ते म्हणाले. ‘आठवडाभर पडलेलं जनावर, कुठेतरी सालपट निघतंच. हिला ओरखडा नाही. कोण पालटतं हिला?’

भिंगरीने नवऱ्याकडे बोट दाखवलं. नवऱ्याने भिंगरीकडे. दोन्ही बोटं एकाच वेळी उठली.

डॉक्टर मनापासून हसले. ‘वा! श्रेय दुसऱ्याला देणारं जोडपं पहिल्यांदाच बघतोय.’

ते दोघं हसले नाहीत.

‘तू नाही?’ नवऱ्याने विचारलं.

‘तुम्ही नाही?’

आठवडाभरात एकमेकांशी बोललेले हे त्यांचे पहिले शब्द. अबोला असा संपेल असं कुणाला वाटलं नसतं.

डॉक्टरांचं लक्ष पायाकडे होतं. ‘पाय सुधारलाय. अंगात ताकद आहे. ही एव्हाना उभी राहायला हवी होती,’ ते म्हणाले. ‘मनावरच घेत नाहीये. दादा, परवा येतो. परवाही अशीच असेल तर माझं ऐकावं लागेल. पडून पडून पोटातलं वासरूही जाईल, आणि तिचे हाल होतील ते वेगळेच.’

ते गेल्यावर दोघं गोठ्यात उभे राहिले. बोलायची सवय मोडली होती, त्यामुळे सुरुवात कुणी करायची ते कळेना.

‘शेजारचा येऊन करत असेल,’ नवरा म्हणाला.

‘कोण, तो? त्याला स्वतःची कूस पालटायला बायको लागते.’

‘मग ती आपली आपण वळत असेल.’

‘आणि पोत्याची घडीही आपली आपण घालत असेल?’

नवऱ्याने खुंटीवरची दोरी काढायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दोरीपासून भिंतीपर्यंत कोळ्याने जाळं विणलं होतं. छान मोठं, अखंड. त्या दोरीला बऱ्याच दिवसांत कुणी हात लावला नव्हता.

मग त्याने वाकून तांबडीच्या पाठीमागचं पोतं काढलं आणि ते हातात घेऊन नुसताच उभा राहिला. ‘तीन पदरी,’ तो म्हणाला. ‘कडा आत. लहानपणी माझ्या शाळेच्या शर्टाची अशी घडी...’

‘कोण घालायचं?’ भिंगरीने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

‘जाऊ दे,’ तो म्हणाला, आणि पोतं झटकून गव्हाणीवर टाकलं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पहारा ठेवायचा ठरवला. स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं ठेवून दोघं दोन स्टुलांवर बसले. भिंगरी दाराच्या फटीशी, नवरा बिजागरीकडच्या बाजूला, तिच्या खांद्यावरून डोकावत. तिचा पाय सारखा हलत होता. नवऱ्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी ठेवला होता, आणि इतक्या भीतीतही तिला तो हवासा वाटला.

गोठ्यात भरपूर उजेड होता. छपराच्या पत्र्याला भोकं होती आणि त्यातून उन्हाचे कवडसे पेंढ्यावर पडले होते. बाकीच्या दोन गाई बाहेर चरायला होत्या. तांबडी उजव्या कुशीवर, दाराकडे पाठ करून. रवंथ चालू होता. भिंगरीने सकाळी पोतं मुद्दाम बोळा करून ठेवलं होतं. कुणी हात लावलाच तर कळावं म्हणून.

बराच वेळ काही झालं नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती बघत राहिली. आपण दोघं प्रौढ माणसं भर दुपारी स्वतःच्याच गोठ्यावर पाळत ठेवून बसलोय, लेकीला कळलं तर ती हसून लोळेल, असं तिच्या मनात आलं.

मग तांबडी हलली. तिने पुढचे गुडघे अंगाखाली घेतले. मान पुढे ताणली. मागचा भाग हवेत उचलला गेला, थरथरत, पण उचलला गेला. भिंगरीने नवऱ्याचा हात घट्ट धरला. उठली! उठतेय!

रवंथ थांबला.

तांबडीचे दोन्ही कान पलीकडे वळले, एकाच जागी. आणि तिच्या खांद्यावर, जिथे लाल केस दाट होते, तिथे केसांचा एक तुकडा दबला. वाऱ्याने केस विस्कटतात, तसं नाही. आधी पाच ठिकाणी, मग मधली जागा, तळहाताएवढी. तांबडीने मान खाली घातली. तिचं ते एवढं मोठं धूड सावकाश डावीकडे वळलं आणि पेंढ्यावर टेकलं. धप्प आवाज झाला नाही. झोपलेलं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घ्यावं तशी ती वळली. पाठीमागे पोत्याची एक कड हळूच उलटली आणि आत गेली.

‘दमली बिचारी,’ नवरा तिच्या कानाशी पुटपुटला. ‘उठता उठता परत बसली. तुला दिसली का? प्रयत्न करतेय गं ती!’

भिंगरीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या बाजूने खांदा दिसतच नव्हता. आणि कवडसे होते, छपराच्या सावल्या होत्या, डोळ्यांत पाणी होतं. आपण काय पाहिलं ते शब्दांत सांगू लागली तर तिचं तिलाच खोटं वाटलं असतं.

‘हो,’ ती म्हणाली. ‘करतेय प्रयत्न. उद्या आपण तिला वर ओढू.’

‘उद्या नको,’ नवरा उठत म्हणाला. ‘आजच.’

६

गॅरेजवाल्याकडून त्याने साखळीची कप्पी आणली आणि सामान उतरवायचे दोन रुंद पट्टे. छपराच्या लोखंडी तुळईला कप्पी अडकवली, पट्टे तांबडीच्या पोटाखालून घेतले. बाहेर ऊन अजून तसंच होतं. नवरा साखळी ओढू लागला, भिंगरी तांबडीच्या तोंडाशी बसली.

साखळी करकरत वर आली. पट्टे ताणले गेले. तांबडीचं पोट जमिनीपासून सुटलं, आणि तिथेच सगळं अडलं. नवऱ्याने दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली. ‘हिचं वजन एवढं नाही!’ तो धापा टाकत म्हणाला. ‘या कप्पीनं ट्रकची इंजिनं उचलतात!’

भिंगरी तांबडीच्या डोळ्यांत बघत होती. डोळ्यांत झोप होती, गोड, जड झोप. ती अशीच पडून राहणार होती. कुणीतरी तिची कूस पालटत राहणार होतं, हलक्या हाताने, ओरखडा न येऊ देता, आणि उद्या डॉक्टर येणार होते. भिंगरीने मान वर केली. तांबडीच्या पलीकडे, भिंतीपर्यंतच्या त्या हातभर जागेत, पेंढा दोन ठिकाणी दबला होता. कुणी गुडघे टेकून बसावं तसा.

तिला भीती वाटली नाही. तिला भयंकर राग आला. आजवर वडीलधाऱ्यांपुढे गिळलेले सगळे राग एकदम घशाशी आले.

‘सोडा हो तिला!’ ती किंचाळली. ‘पुरे झालं! हिच्यावरचा हात काढा! दुसरं बघा कुणीतरी!’

‘आता या वेळी दुसरं कोण मिळणार?’ नवरा ओढता ओढता म्हणाला. त्याला वाटलं, ती त्याच्याशीच बोलतेय.

तेवढ्यात साखळी हलकी झाली. एकदम, विहिरीतून भरलेली बादली ओढताना बादलीच सुटावी तशी. तांबडी सरसर वर आली, तिचे चारही खूर जमिनीला लागले, आणि नवरा साखळीसकट मागे जाऊन पाठीवर आदळला.

तांबडी उभी होती. पाय लटपटत होते, पण उभी होती. तिने भरपूर मूत्रविसर्जन केलं, अंग थरथरवलं आणि गव्हाणीत तोंड घातलं. भिंगरी तिच्या गळ्यात पडून रडत होती, हसत होती. ‘अहो, बघा! बघा तरी!’

‘बघतोय,’ नवरा जमिनीवरून म्हणाला. तोही हसत होता. ‘इथूनच बघतो. माझ्या कमरेत उसण भरली बहुतेक. हलताच येत नाहीये.’

७

शेवटच्या खोलीतला पलंग कडक फळ्यांचा होता, आणि उसणीला कडकच पलंग हवा, असं नवऱ्यानेच सांगितलं. भिंगरी ‘तिथं नको’ म्हणाली. का नको, ते मात्र तिला सांगता येईना. शेजारचा आणि ती असं दोघांनी मिळून त्याला तिथे नेलं. जरा धक्का लागला तरी तो ओरडत होता. त्याला भिंतीकडे तोंड करून कसाबसा झोपवला.

डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आले. उभी तांबडी पाहून त्यांनी टाळीच वाजवली. मग आतल्या खोलीत डोकावून म्हणाले, ‘दादा, आता तुमची कूस पालटायची वेळ आली म्हणा!’ सगळे हसले. डॉक्टरांनी तांबडीला तपासलं, पोटाला कान लावला, वासरू खणखणीत असल्याचं सांगितलं आणि गेले.

दुपारी भिंगरीने दावं धरून तांबडीला पहिल्यांदा बाहेर काढली. आडव्या रेघांवर खूर पक्के बसत होते. तांबडी ऊन खात उभी राहिली आणि भिंगरीही तिच्या शेजारी उभी राहिली. कधी नव्हे ते तिला काही काम आठवत नव्हतं. किती दिवसांनी मनावरचं ओझं उतरलं होतं. आज नवऱ्याशी पोटभर बोलायचं, असं तिने ठरवलं. आपण पाहिलं तेही सांगायचं, हसला तर हसू दे.

तिने रबरी पिशवीत गरम पाणी भरलं आणि ती शेवटच्या खोलीत गेली.

नवरा दाराकडे तोंड करून झोपला होता. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. डोळे मिटलेले, चेहरा शांत, लहान मुलासारखा. पाठीशी चादरीची घडी लावलेली होती. तीन पदरी. कडा आत.

पिशवीतलं गरम पाणी हाताला पोळत होतं, पण ती तशीच धरून उभी राहिली.

‘आलीस परत?’ तो डोळे न उघडता म्हणाला. ‘केवढा हलका हात आहे गं तुझा. कूस पालटलीस ते कळलंसुद्धा नाही. दुखणं कुठल्या कुठे पळालं.’

‘उठा,’ भिंगरी म्हणाली. ‘अहो, उठा. आत्ताच्या आत्ता बाहेर चला.’

‘आता कशाला उठवतेस?’ तो हसला. ‘तूच तर म्हणालीस ना, जरा पड. मला इतकी गंमत वाटली. एवढ्या वर्षांत आज पहिल्यांदा अरे-तुरे केलंस मला. बरं वाटलं, खरंच. असंच म्हणत जा.’

भिंगरीने पिशवी टाकली आणि त्याचा हात दोन्ही हातांनी धरून ओढला. तोही तिच्याखातर उठायला लागला. कोपर टेकलं, मान उचलली, एक पाय पलंगाखाली सोडला. मग त्याच्या खांद्यावर शर्टाला पडलेल्या चुण्या सपाट झाल्या. आधी पाच ठिकाणी, मग मधली जागा.

‘राहू दे गं,’ तो पुन्हा उशीवर डोकं टेकत म्हणाला. ‘घाई काय आहे?’